बोरगेवाडीचा गळका तलाव

लालासाहेबांना गळती खपत नसे. फौजेत हवालदार असताना त्यांनी पाण्याच्या टाकीची तोटी ठिबकते म्हणून अख्ख्या तुकडीला उन्हात उभं केलं होतं. पेन्शन घेऊन ते कवठे महांकाळजवळच्या बोरगेवाडीला आले, सरपंच झाले, आणि त्यांच्याच नशिबी नेमका गळका तलाव आला.

तलाव बाहत्तरच्या दुष्काळी कामात बांधलेला. जागा शोधून दिली मधुकर आठल्ये यांनी. हे सांगलीचे, गावोगाव फिरून पाणी कुठं अडवावं, झाडं कुठं लावावीत, वस्ती कुठं वाढवावी याचा सल्ला देत. माणूस हुशार आणि सालस, पण बोलणं फार पुस्तकी. चावडीवर त्यांनी तासभर 'भूजलाचं पुनर्भरण' समजावून सांगितलं. सगळ्या गावानं माना डोलावल्या. सगळ्यात जोरात लालासाहेबांनी, कारण त्यांना सगळ्यात कमी कळलं होतं.

जागेत एक पट्टी लालासाहेबांच्या थोरल्या भावजयीची, चंद्राबाईंची होती. त्या सोडायला तयार होईनात.

"वैनी, तळं झालं की खालच्या अंगाला तुमच्या हिरीला पाणी येतंय का न्हाई बघा," लालासाहेब म्हणाले. "न्हाई आलं तर ह्या मिशा उतरवीन."

चंद्राबाईंनी त्या झुबकेदार मिशांकडे नीट पाहिलं आणि पट्टी दिली.

पहिल्या पावसात तलाव भरला. दिवाळीला अर्धा झाला आणि संक्रांतीला तळाची ढेकळं दिसू लागली. शेजारच्या शिंगणमळा गावचा गुंडा नावाचा गडी बाजाराला जाताना बांधावर सायकल थांबवून ओरडायचा, "सरपंच, तुमचं तळं गळतंय की वं!" लालासाहेब रात्री कूस बदलत राहायचे. चंद्राबाईंच्या विहिरीला मात्र त्या साली होळीपर्यंत कंबरभर पाणी टिकलं. त्यावर लालासाहेबांनी स्वतःशी असा हिशेब मांडला: तळं गळकं असून एवढं पाणी, मग गळती बंद केली तर केवढं येईल!

उन्हाळ्यात त्यांनी गावाला कामाला लावलं. ओढ्याकाठची चिकण माती गाड्या भरभरून आणली, तलावाच्या तळाला पसरली, पाणी शिंपडून बैलांकडून तुडवून घेतली. बायांनी वरून भिंत सारवावी तसा हात फिरवला. तळ असा गुळगुळीत झाला की लालासाहेब त्यावरून चालताना चपला काढायचे.

पुढच्या साली तलाव भरला आणि भरलेलाच राहिला. होळी आली तरी पाणी लखलखत होतं. बदकं उतरली. गुंडा सायकल थांबवायचा, पण ओरडायला काही सापडायचं नाही. लालासाहेबांच्या मिशांना पीळ पडला.

अशा वेळी आठल्ये पाहणीला आले. बांधावर उभं राहून त्यांनी पाणी पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे पाणी अजून इथं कसं?"

"म्हंजे?" लालासाहेब चकित. "तळ्यात पाणी नसतंय व्हय?"

"आता नसायला हवं होतं! खाली जायला हवं होतं!"

"कसं जाईल? समदी भोकं बुजवली की आमी!"

आठल्यांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात खालून चंद्राबाई आल्या. मागं धोकटी सांभाळत हरिबा न्हावी.

"भावजी, माझ्या हिरीत बेडूक बी कोरडा झालाय," त्या म्हणाल्या. "हरिबाला संगंच आणलाय."

लालासाहेबांचा हात आपोआप ओठावर गेला. "वैनी, आदी पावण्यास्नी पाणी तर पिऊ द्या," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना घरी नेलं. हरिबाही मागोमाग आला.

सोप्यात तिवईवर माठ होता. आठल्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि त्यांची नजर माठाखाली गेली. तिथं ओल्या मातीत कोथिंबीर तरारली होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "सरपंच, या कोथिंबिरीला पाणी कोण घालतं?"

"कोन न्हाई. माठ पाझरतोय न्हवं."

"आणि माठाला बाहेरून डांबर फासलं तर?"

"माठ भरल्याला ऱ्हाईल."

"आणि कोथिंबीर?"

"वाळंल की." लालासाहेब बोलून गेले, आणि थांबले. माठाकडे पाहिलं, कोथिंबिरीकडे पाहिलं, चंद्राबाईंकडे पाहिलं. "म्हंजे... तळं ह्यो माठ. आन् वैनींची हीर..."

"कोथमीर," चंद्राबाई म्हणाल्या. "हरिबा, वस्तारा काढ."

"चूक माझी आहे," आठल्ये घाईघाईनं म्हणाले. "मी पुनर्भरण म्हणत बसलो. गळणारा तलाव हवा, असं साधं सांगायला हवं होतं."

"वैनी, एक पावसाळा द्या," लालासाहेब म्हणाले. फौजेतल्या उभ्या नोकरीत असा विनवणीचा आवाज त्यांनी काढला नव्हता.

चंद्राबाईंनी विचार केला. "दिला. पर ती चिकण माती काढून माझ्या माळवदावर टाकायची. पावसात चुलीवर धार लागती. जिथं गळाया नगं तिथं गळतंय, आन् जिथं गळाया पायजे तिथं तुमी लिंपून बसलाय!"

वैशाखात उरलेलं पाणी उन्हानं पिऊन टाकलं. मग त्याच गाड्या, तेच बैल, तीच माती. पण आता उलट्या दिशेनं. बाया हसून हसून बेजार. लालासाहेब स्वतः पाटी घेऊन चंद्राबाईंच्या माळवदावर चढले. हरिबा रोज येता-जाता खालून विचारायचा, "सरपंच, धार लावून ठिऊ का?"

पावसाळ्यात तलाव भरला. दसऱ्यानंतर लालासाहेब सकाळी उठून आधी चंद्राबाईंच्या विहिरीत वाकायचे. एके दिवशी दगडाच्या फटीतून ओल चकाकली. मग बारीक धार. दिवाळीला विहीर छातीभर झाली.

त्याच आठवड्यात बांधावर गुंडाची सायकल थांबली. तलावाचं पाणी पुष्कळ खाली गेलं होतं. गुंडाचा चेहरा फुलला.

"सरपंच, तळं गळतंय की वं!"

"गळतंय!" लालासाहेब मिशीला पीळ देत गरजले. "लय झ्याक गळतंय, गड्या! तुमच्या गावात हाय का असलं?"

गुंडा पायडल मारत निघून गेला. लालासाहेब ताठ चालीनं भावजयीच्या दारात गेले. चंद्राबाई विहिरीवरून घागर आणत होत्या.

"बघितलंसा वैनी? ऱ्हायल्या न्हवं मिशा?"

"ऱ्हायल्या," चंद्राबाई म्हणाल्या. "पर चुलीवरचा एक कोपरा परवाच्या सरीत ठिबकलाच. हरिबाला बोलावू, का तुमी चढताय?"

लालासाहेबांनी पाटी उचलली.