दुधातली साखर

गीतांजली खांदेश्वरच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. तिच्या धाकट्या बहिणीची, क्षिप्राची, मुलगी नऊ दिवसांची होती. पाचव्या दिवसापासून बाळ अंगावर प्यायलं की ओकायचं. डोळे पिवळे पडले होते. नर्सिंग होमचे डॉक्टर म्हणाले, "कावीळ आहे, होते लहान बाळांना. दूध पाजत राहा." क्षिप्रा पाजत राहिली. बाळ आता रडेनासं झालं होतं.

सकाळी गीतांजली भेटायला गेली तेव्हा ते कापडासारखं पडून होतं. तिने फाइल चाळली. लघवीत साखर नाही, असं लिहिलं होतं.

"ही तपासणी पट्टीवर केली का हो?" तिने सिस्टरला विचारलं.

"हो. का?"

गीतांजलीने ती ओळ पुन्हा वाचली. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. दुधातली साखर फुटली की ग्लुकोजबरोबर गॅलॅक्टोजही निघतं, आणि क्वचित एखाद्या बाळाच्या शरीरात ते पचवणारं एन्झाइमच नीट काम करत नाही. पाठ्यपुस्तकात याची एकच ओळ होती. परीक्षेला येत नाही म्हणून ती दरवर्षी ती ओळ वगळायची.

बाटलीत उरलेली लघवी मागून घेऊन तिने रिक्षा पकडली. कॉलेजची लॅब रिकामी होती. बेनेडिक्टचं निळं द्रावण ग्लुकोजनेच नाही, गॅलॅक्टोजनेही रंग बदलतं; ते नळीत ओतताना थोडं ओट्यावर सांडलं. त्यात लघवीचे थेंब टाकून नळी उकळत्या पाण्यात धरली. निळं हिरवट झालं, मग पिवळं, मग विटकरी. चूक झाली असेल म्हणून तिने पुन्हा केलं, शेजारी नुसत्या पाण्याची नळी ठेवून. पाणी निळंच राहिलं. दुसरी पुन्हा विटकरी झाली.

तिने फोन लावला. "क्षिप्रा, मी येईपर्यंत दूध देऊ नकोस. डॉक्टरांना दे फोन."

"ताई, उपाशी ठेवू? आधीच एवढीशी झालीय!"

"तुझ्या पाया पडते. दे त्यांना फोन."

डॉक्टर आधी वैतागले. "मॅडम, अंगावरचं दूध बंद करायला मी कॉलेजच्या प्रयोगावर कसं सांगू?"

"नका सांगू. पण पट्टी ग्लुकोज नाही म्हणते, आणि बेनेडिक्ट साखर आहे म्हणतं. मग ती साखर कुठली, तेवढं मला सांगा."

पलीकडे फाइलची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "ड्रिप लावतो. मोठ्या हॉस्पिटलात हलवू या."

अॅम्ब्युलन्समध्ये क्षिप्राचा ब्लाउज भिजला होता. "माझंच दूध, ताई?"

"तुझा काही दोष नाही गं," गीतांजली म्हणाली. आपलं निदान चुकलं असेल तर, हा विचार तिला सोडत नव्हता. आणि बरोबर असेल तर उशीर झाला नसेल ना, हाही.

एन्झाइमचा रिपोर्ट यायला सहा दिवस लागले. तिचा अंदाज खरा होता. तोवर सोयाबीनच्या पावडरीवर बाळाची ओकारी थांबली होती. कावीळ मात्र हळूहळू उतरत होती. यकृताला किती धक्का बसलाय, पुढे काय होईल, हे डॉक्टरांनी आत्ताच सांगायला नकार दिला.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सातव्या दिवशी बाळ जोरात रडलं. वॉर्डातल्या बायका वळून पाहू लागल्या. क्षिप्रा त्याला थोपटायचंच विसरली, नुसती ऐकत बसली.