सळईच्या वरची कार्डे

मित्रांनो, मी ग्रंथालयातले एक जुने कपाट आहे. ज्या वर्षी सुताराच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी त्याने मला सागवानातून घडवले. मला साठ खण आहेत. त्यातले शेवटचे चार जरा घट्ट बसतात, कारण तोवर सुताराच्या घरात झोप कुणालाच उरली नव्हती.

माझ्यात पुस्तके नसतात, पुस्तकांची कार्डे असतात. कार्डावर पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक टंकलेला असतो आणि त्या क्रमांकाप्रमाणे ते खणात लागते. क्रमांक चुकला की पुस्तक फळीवर असूनही हरवल्यासारखेच. म्हणून आमच्याकडे एक कायदा आहे. प्रत्येक खणातून एक पितळी सळई जाते आणि कार्डे खालच्या भोकातून तिच्यात ओवलेली असतात. शिकाऊ माणसाने नवे कार्ड लावायचे ते सळईच्या वर, डोके बाहेर काढून. ग्रंथपालांनी ते तपासायचे, सळई ओढायची आणि कार्ड खाली ओवायचे. सळईच्या वरची चूक शिकाऊ माणसाची आणि सळईत ओवलेली चूक ग्रंथपालांची.

मी पहिल्यापासून संशयी आहे. ज्याच्या पोटात रोज शंभर हात जातात, तो भोळा कसा राहील? मला वाचता येत नाही, पण कोणत्या खणात किती कार्डे आहेत ते मला बरोबर कळते. चांगले दिवसही मी पाहिले आहेत. लोक रांग लावून माझ्यापाशी उभे राहत. “हे कपाट म्हणजे ग्रंथालयाचा मेंदू,” असे ग्रंथपाल सर पाहुण्यांना सांगत आणि माझ्या पाठीवर थाप मारत. पुढे शेजारच्या खोलीत संगणक आला. रांग तिकडे गेली आणि माझ्या डोक्यावर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले.

सरांना नात झाली, त्या वर्षी एक शिकाऊ मुलगी आली. ती ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होती. वर्षभर सरांच्या हाताखाली राहून तिने माझ्यातला नऊशेचा, म्हणजे इतिहास-चरित्रांचा, विभाग सांभाळायचा होता. वर्षाअखेर बाहेरच्या परीक्षक येऊन तोच विभाग तपासणार होत्या. त्यात पास झाली तरच पदवी.

पहिल्याच दिवशी तिने टेप काढून माझी उंची-रुंदी मोजली. “वहीत तुझं चित्र काढायचंय,” असे ती मलाच म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. जुन्या लाकडाचे व्यापारीही असेच गोड बोलतात.

शिवाय ती फार खुशीत असे. नव्या पुस्तकाचा वास घेई, फाटक्या पुस्तकाला खळ लावताना गुणगुणे आणि दिसेल त्याला क्रमांक देत सुटे.

“मावशी, तुम्ही सहाशे अठ्ठेचाळीस!” एकदा ती सफाईच्या मावशींना म्हणाली.

“म्हणजे गं काय?”

“घर झाडणं, पुसणं, नीटनेटकं ठेवणं.”

“आणि साहेब?”

“नऊशे वीस. थोरांची चरित्रं.”

“वा! ते थोर आणि मी केरसुणी!” मावशी म्हणाल्या. “आणि तू गं? दात काढणाऱ्यांना नंबर नाही का?”

मुलगी पोट धरून हसली. एवढे हसणारे माणूस काहीतरी लपवत असणार, असे मी ठरवून टाकले.

आणि झालेही तसेच. दुपारी सर जेवायला घरी गेले की ती माझे नऊशेचे खण उघडी, सळई ओढी, पाच-दहा कार्डे काढी, डब्याच्या पिशवीत घाली आणि फळ्यांच्या मागे दिसेनाशी होई. त्यातली काही कार्डे परत येत, काही कधीच येत नसत. उलट शंभराच्या खणांत कुठूनशी नवी कार्डे येऊन बसत. तीही थेट सळईत, तपासणीशिवाय! सर माझा भरवशाचा माणूस. त्यांना हाक मारता येत नाही म्हणून मी नुसता करकरत राहिलो.

एका दुपारी मावशींनी तिला पकडले.

“पोरी, पिशवीत काय?”

“डबा, मावशी.”

“डब्याला कोपरे कधीपासून फुटले? दाखव इकडं.”

मुलीचा चेहरा पहिल्यांदाच पडला. तिने मावशींच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितले. मावशी मटकन स्टुलावर बसल्या. “अगं बाई, आणि मी रोज त्यांना विचारते, साहेब, आज चहा का सांडला!” एवढेच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दाराशी फडके घेऊन पहारा देऊ लागल्या. झाले! आता दोघी एक झाल्या, असे मला वाटले.

परीक्षेच्या दिवशी सर परीक्षकबाईंना आणायला फाटकापर्यंत गेले. तेवढ्यात मुलगी धावत आली. तिने नऊशेच्या खणांच्या सळया ओढल्या, चाळीसेक कार्डे भराभर वर काढली आणि सळया पुन्हा सरकवून ती कार्डे त्यांच्यावर उभी केली. ओवलेले कार्ड शिकाऊ माणसाने वर काढल्याचे मी जन्मात पाहिले नव्हते. आता ही सरांना गोत्यात आणणार, याची मला खात्री पटली.

बाईंनी उभ्या कार्डांतली दहा उचलली आणि त्या फळ्यांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती.

“यातली सहा पुस्तकं नऊशेत नाहीतच. शंभराच्या फळीवर निघाली. एक आणि नऊ यांतला फरक कळत नाही तुला?”

“घाईत झालं, मॅडम,” मुलगी म्हणाली.

“ग्रंथपालाला घाई? अशानं पदवी कशी द्यायची?”

“सहा महिने आणखी काम करीन मी. मला इथं आवडतं.” ती हसली.

सरांनी हात पुढे केला. “एक कार्ड द्या बघू.” ते कार्ड त्यांनी डोळ्यांसमोर धरले नाही. अंगठ्याने खालचे भोक चाचपले. मग दुसरे घेतले, तिसरे घेतले.

“मॅडम, नव्या कार्डाच्या भोकाला धार असते. ही भोकं झिजलीत. ही कार्डं सळईत होती. म्हणजे मीच टंकली आणि मीच ओवली.”

“सर, राहू द्या ना,” मुलगी पुटपुटली.

“काय राहू द्या? तू गप्प बैस.” सर बाईंकडे वळले. “वर्षभर मला एक आणि नऊ सारखेच दिसतात. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, तेवढं निभेल असं वाटलं. तारखेचा शिक्काही अंदाजानंच मारतो मी. ही रोज माझ्यामागं निस्तरत होती वाटतं, आणि आज कार्डं वर काढून माझी चूक स्वतःवर घेत होती.”

“दोनशे बारा कार्डं निस्तरली हो पोरीनं,” दारातून मावशी म्हणाल्या. “एवढी चाळीसच राहिली होती.”

“मग ती काढून का नाही टाकलीस?” बाईंनी विचारले.

“कार्ड काढलं तर पुस्तकाचा मागच पुसला जातो, मॅडम. पुस्तक सापडल्याशिवाय कसं काढणार?”

बाईंनी गुणपत्रिका पुढे ओढली. “सळईचा कायदा मोडल्याबद्दल पाच गुण कापते,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पास असा शेरा लिहिला.

मित्रांनो, मी लाकडाचा, तरी त्या दिवशी मला माझी लाज वाटली. मी चोरी पाहिली, पण दुपारचे न खाल्लेले तिचे डबे पाहिले नाहीत. ज्यांच्यावर माझा भरवसा होता, ते झाकत होते. जिच्यावर संशय होता, ती सावरत होती. त्याच महिन्यात सरांनी किल्ल्या परत केल्या आणि डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली. एक डोळा वाचला. मुलीला पुढे इथेच नोकरी लागली आणि दर शनिवारी ती सरांना पुस्तके वाचून दाखवू लागली. दोघेही खूप हसत. आता मला त्या हसण्याचा संशय येत नसे.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. जुन्या कपाटाचे खण अधूनमधून उघडत जा, नाहीतर लाकूड फुगून आतले सगळे अडकून बसते. आणि आपल्या माणसाचे डोळे, कान, हात थकत चालले तर ते वेळेवर विचारा. त्याने आपण होऊन सांगण्याची वाट पाहू नका.

ग्रंथपाल सर निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, सकाळी नऊ वाजता आपल्या घरी वारले.