साठ मिलीची सिरिंज आणि समुद्रफूल

मित्रांनो, घाबरू नका, मला सुई नाही. सिरिंज म्हटलं की तुम्ही लगेच दंड लपवता, म्हणून आधीच सांगून टाकलं. मी टोचणाऱ्यांतली नाही, भरवणाऱ्यांतली आहे. जाड अंगाची, साठ मिलीची, पुढे नळी जोडायला निमुळती चोच असलेली. अंगावरचे आकडे आता निम्मे पुसले गेलेत. चाळीसच्या पुढचं माझं मलाच वाचता येत नाही. पण मापात मी अजून चुकत नाही, हे मात्र ठासून सांगते.

कारखान्यातल्या साच्यातून निघाले, पिशवीत बंद झाले आणि खोक्यात बसून धुळ्याला आले. दवाखान्यासमोरच्या मेडिकलमध्ये चार महिने पडून होते. शेजारच्या बारीक सिरिंजा भराभर खपायच्या, माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघायचं नाही. मग एके दिवशी दिपमालाताई आल्या. डोळे सुजलेले, पदर कसाबसा खोचलेला. "नाकातल्या नळीतून जेवण द्यायची मोठी सिरिंज द्या," म्हणाल्या. अशी मी देवपुरातल्या त्यांच्या घरी आले.

घरात माणसं चार. दिपमालाताई जिल्हा परिषदेत कारकून, त्यांचे यजमान भूषणभाऊ बँकेत. भूषणभाऊंचे वडील म्हणजे शालिग्राम आबा आणि आई सुंदरबाई. सुंदरबाईंना लकवा झाला होता. हात, पाय, जीभ, सगळं थांबलं होतं. फक्त डोळे फिरायचे. घास गिळता येत नव्हता, म्हणून नाकातून पोटात नळी घातलेली होती.

दवाखान्यातल्या सिस्टरनं ताईंना आणि आबांना समोर बसवून शिकवलं. माझा दट्ट्या काढून बाजूला ठेवायचा. नुसतं नळकांडं नळीला जोडायचं, त्यात गाळलेली पेज ओतायची आणि हात वर धरून बसायचं. पेज आपल्या आपण उतरते. रेटायचं नाही. आणि खाटेचा दांडा फिरवून डोकं उंच केल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ ताई भरवायच्या, दुपारी आबा. एकेका वेळेला वीस-वीस मिनिटं हात वर. आबांचं वय सत्तरीपुढचं, हात भरून यायचा, पण ते कधी कुरकुरले नाहीत.

आई दिवसभर छताकडे बघत पडते, हे भूषणभाऊंना बघवेना. त्यांनी खाटेसमोर खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी मांडली. समुद्री मिठाच्या पिशव्या मुंबईहून आल्या, पाणी थंड ठेवायचं यंत्र आलं. गल्लीतले लोक बघायला यायचे आणि टोमणा मारून जायचे, "पांझरा नदीले पानी नही, अन् भूषणनी घरमा समुद्र आना!" पेटीत खडकावर शर्टाच्या बटणाएवढी कोरलं, म्हणजे जिवंत पोवळी होती, शंखात राहणारे दोन खेकडे होते, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक झिंगा होता. मधोमध होतं समुद्रफूल. नावाला फूल, पण आहे तो प्राणीच. बोटांसारख्या त्याच्या शेकडो मऊ शुंडा पाण्यात डुलायच्या आणि सुंदरबाईंचे डोळे त्यांच्यामागे फिरायचे. महिनोन्महिने त्या बाईनं तेवढंच बघितलं.

आता जे सांगायचं आहे, ते सांगताना मला जड जातं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण होता. खान्देशात आखाजी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. स्वयंपाकघरात खापरावर पोळ्या, पातेलंभर आमरस, पाहुण्यांची गर्दी. आबा दुपारी वाटीत रस घेऊन हॉलमध्ये आले. सुंदरबाईंना रस जीव की प्राण. "अवं, आखाजी शे आज. घे थोडासा," आबा म्हणाले आणि त्यांनी वाटी माझ्यात रिकामी केली. पण रस दाट. नळीत उतरेचना. आबांनी थोडा वेळ वाट बघितली, दाराकडे बघितलं, मग दट्ट्या लावला आणि रेटला. खाटेचं डोकं खाली होतं. ते वर करायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. सुंदरबाईंना ठसका लागला, रस उलटून श्वासात गेला. संध्याकाळी ताप चढला. त्यांना दवाखान्यात नेलं, चौथ्या दिवशी तिथेच त्या वारल्या.

डॉक्टरांनी विचारलं, जेवणात काही वेगळं दिलं होतं का? आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "नही."

तेरावं झाल्यावर ताईंनी मला धुवायला घेतलं. माझ्या चोचीत आंब्याचा एक केशरी धागा अडकला होता. ताईंनी तो नखानं ओढून काढला, बोटावर धरून बराच वेळ बघितला आणि नळाखाली सोडून दिला. कोणाला काही बोलल्या नाहीत. आबांना वाटायचं हे कोणालाच ठाऊक नाही, आणि ताईंनी ते ठाऊक असल्याचं कधी दाखवलं नाही. एका छपराखाली दोघं वर्षभर तसेच वावरले. मला तोंड असून काय उपयोग? त्यातून फक्त जेवण जातं, शब्द जात नाहीत.

मी फडताळात पडले. पुढे भूषणभाऊंनी मला शोधून काढलं, लांब नळी जोडली आणि पेटीतल्या जीवांना भरवायच्या कामाला लावलं. तुम्ही मत्स्यालयात चिमूटभर दाणे टाकून मोकळे होता ना? कोरलांचं तसं नसतं. ती जागची हलत नाहीत, घास त्यांच्यापाशी न्यावा लागतो. आधी पेटीतलं पाणी खेळवणारा पंप बंद करायचा, नाहीतर घास वाहून जातो. बारीक झिंग्यांची गोठवलेली वडी पेटीतल्याच पाण्यात वितळवायची, गाळायची आणि मग एकेका तोंडापाशी हळूच सोडायची. चोरटा झिंगा आडवा येतो, त्याला कोपऱ्यात वेगळा तुकडा देऊन गुंतवायचं. उरलेलं परत ओढून घ्यायचं, नाहीतर पाणी नासतं. शेवटी आठवणीनं पंप सुरू करायचा. भूषणभाऊ म्हणायचे, "ही सिरिंज नसती तर मला हे जमलंच नसतं." खोटं कशाला बोलू, मी फुशारून जायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात धुळ्यात पारा चव्वेचाळीसला गेला. एका दुपारी वीज गेली ती पाच तास आली नाही. पेटीतलं पाणी तापलं. बाकीचे वाचले, पण समुद्रफुलाचा रंग उडून ते दुधासारखं पांढरं पडलं. रंग असतो तेव्हा उजेडातूनही त्याला अन्न मिळतं. रंग गेला की त्याचं पोट भरवणाऱ्या हातावर. एक दिवसाआड, अगदी थोडं थोडं. जास्त दिलं तर ओकून टाकतं, दिलंच नाही तर आक्रसत जातं आणि मरतं.

नेमकं तेव्हाच भूषणभाऊंना बँकेच्या ट्रेनिंगला तीन आठवडे पुण्याला जावं लागलं. निघताना त्यांनी मला आबांच्या हातात दिलं. "आबा, तुम्ही करा. आईचं तुम्हीच करत होतात ना? तुमच्या हाताला सवय आहे." आबांनी मला घेतलं आणि लगेच टेबलावर ठेवून दिलं.

पहिल्या दिवशी आबांनी सगळं नीट केलं. वडी वितळवली, गाळली, मला भरलं, पेटीपाशी उभे राहिले. नळी पाण्यात गेली. पण अंगठा काही केल्या दट्ट्यावर टेकेना. मग ते गॅलरीत गेले आणि मला कोरफडीच्या कुंडीत रिकामं केलं. संध्याकाळी ताईंनी विचारलं, तर म्हणाले, "दिधं बेटा. खाई लिधं त्यानी." असं पाच वेळा झालं. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं. झिंगा उपाशीपोटी कोरलं टोकरायला लागला.

सहाव्या वेळेला रविवार होता. गॅलरीत कुंडीभोवती लाल मुंग्यांची रांग लागली होती आणि शेजारची मांजर माती उकरत होती. ताईंनी वाकून वास घेतला. घरात आल्या, तर आबा मला भरून पेटीपुढे उभे.

"आबा, त्याला काहीच दिलं नाहीत ना?"

"मले तो वास सहन होत नही," आबा म्हणाले. घरात मांसमच्छी चालत नाही, तेव्हा सबब पटण्यासारखी होती. पण ताई हलल्या नाहीत. आबांनी एकदा पेटीकडे बघितलं, आणि त्यांचा बांध फुटला.

"मन्हा हात चालत नही, बेटा. आखाजीले तिले रस मी दिधा. रेटीसन दिधा. मीच मारं तिले."

"मला ठाऊक आहे, आबा. ही मीच धुतली होती."

आबा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "बठ्ठास्ले माहीत शे?"

"नाही. फक्त मला."

"मंग सांगं का बरं नही?"

ताई त्यांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. "कोणत्या तोंडानं सांगू? पाचव्या महिन्यात मला ऑफिसला उशीर होत होता. पेज घट्ट झाली होती, उतरत नव्हती. मी दट्ट्या लावला आणि रेटली. आईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी ते पुसलं आणि निघून गेले. त्या दिवशी त्यांना काही झालं नाही, आबा. एवढाच फरक. म्हणून मी गुणाची सून, आणि तुम्ही..."

मित्रांनो, हे खरं आहे. मघाशी मी तुम्हाला हे सांगितलं नाही. आबांची चूक मी घडाघडा सांगितली आणि ताईंची झाकून ठेवली, कारण मला दुकानातून त्यांनी आणलं होतं. माझी मलाच लाज वाटते.

आबांनी ताईंच्या डोक्यावर हात ठेवला. दोघं रडले. कोणी कोणाला चूक नव्हतीच असं म्हणालं नाही. ती होती.

मग ताईंनी माझा दट्ट्या काढला आणि टेबलावर ठेवला. "चला आबा. दोघं मिळून धरू."

पंप बंद झाला. नळीचं टोक समुद्रफुलाजवळ गेलं. आबांनी मला वर धरलं, खालून ताईंनी त्यांच्या कोपराला आधार दिला. एक तुकडा उतरला, मग दुसरा. समुद्रफूल तसंच मिटून पडलेलं. आबांचा हात खाली आला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग एक पांढरी शुंडा जराशी लांब झाली आणि तुकड्याला चिकटली. तिनं तो हळूहळू आत ओढून घेतला.

"लिधं," आबा कुजबुजले. "लिधं व माय."

ते जगेल की नाही, मला अजून सांगता येत नाही. रंग अजून पांढराच आहे. पण एक दिवसाआड ते घास घेतं आणि आबा त्याच्यासाठी हात वर धरून उभे राहतात.

त्या रविवारी पंप सुरू करून ताईंनी आबांकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का?" अकरा महिने त्या घरात सुंदरबाईंच्या जेवणाची वेळ घड्याळ लावून सांभाळली गेली. त्यांना भरवणाऱ्या म्हाताऱ्याला, आणि धावतपळत ऑफिस गाठणाऱ्या सुनेला, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मीही फक्त मिलीच मोजत बसले होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणीतरी कोणालातरी भरवत असेल. आजोबांना, तान्ह्या बाळाला, एखाद्या मुक्या जिवाला. घास पोटात गेला की नाही हे तुम्ही बघताच. एकदा तो भरवणारा हातही बघा. तो थकतो, घाई करतो, चुकतो, आणि मग एकटाच कुढत बसतो. त्याच्या कोपराला खालून आधार द्या. आणि भरवून झालं की त्यालाही विचारा, तू जेवलास का?