आवळलेला जबडा

त्या सकाळीही थोरल्या सुनेचं तोंड जेमतेम बोटभर उघडलं. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं तिने गालावर धरलं, दुधात पाव बुडवून न चावताच गिळला आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग पुढे ओढला. इस्त्रीचं दुकान घराला लागूनच होतं. कामात दुखणं विसरेल, असं तिला वाटायचं. विसरत मात्र नसे.

झोपेत ती करकरा दात आवळायची. नवरा वैतागून दुसऱ्या खोलीत निजू लागला होता. सोळाव्या वर्षी पहिल्याच बाळंतपणात मूल गेलं, तीही मरता मरता वाचली, तेव्हापासूनचं हे. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिनेही नाही.

"आवर लवकर," सासूबाई म्हणाल्या. "दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. हिचा पुढचा दात नीट करून घेऊ, मुलाकडचे येतायत. तुझा जबडाही दाखवू, एका फेरीत दोन्ही कामं."

'हिचा' म्हणजे नणंदेचा. लग्नाचं ठरल्यापासून ती धड जेवत नव्हती. आता दाराआडून वहिनीकडे बघत होती.

"आणि तिथे तोंड बंद ठेवायचं," सासूबाईंनी सुनेला बजावलं. तिने मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानापुढे दाबून पाहिलं. ती कळवळली.

"स्नायू दगड झालेत. झोपताना घालायला दातांवरचं कवच बनवून देते. शेक घ्या, मऊ खा. दिवसा दातावर दात टेकू देऊ नका. पण एवढी कसली धास्ती घेतलीय?"

"तिला कसली धास्ती?" सासूबाई हसल्या. "खाऊनपिऊन सुखी आहे."

मग नणंद खुर्चीत बसली.

"वय?"

"एकोणीस," सासूबाई म्हणाल्या. "लग्न ठरलंय."

नणंदेने खुर्चीचे हात घट्ट धरले. सुनेच्या डोळ्यांसमोर रक्ताने भिजलेली चादर आली, आणि कापडात गुंडाळून बाहेर नेलेलं ते इवलंसं गाठोडं. जबड्यातून कळ गेली.

"पंधरा," ती म्हणाली. शब्द नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा बोलली. "पंधराची आहे ती. माझंही पंधराव्या वर्षीच केलं. माझं मूल गेलं. हिचं लग्न मी होऊ देणार नाही."

सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "घरी चल. मग बघते."

"दोघी इथेच थांबतील. हे मला पोलिसांना कळवावंच लागेल," म्हणत डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला.

सासूबाई लेकाला फोन लावत तरातरा बाहेर गेल्या. थोड्या वेळाने जिन्यावर सुनेच्या नवऱ्याची जड पावलं वाजली. तो दारातच उभा राहिला.

"कोण काय बरळलं?"

सून उठणार, तोच नणंद खुर्चीतून उतरली. भावासमोर तिने आजवर मान वर केली नव्हती.

"वहिनी खरं बोलली, दादा. मला लग्न करायचं नाही."

तो दारातून हलला नाही. त्याच्यामागे बाकावर पाच-सहा माणसं आपापल्या पाळीची वाट बघत बसली होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मदत यायला वेळ लागणार होता, आणि अजून त्यांच्यातलं कुणीच जागचं उठलं नव्हतं.