धुतलेलं कडं

यंदा नाताळची बिअर बाबांनी माझ्यावर सोपवली, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी मला परीक्षेला बसल्यासारखं झालं. त्यांचे हात आता थरथरतात. वॉसच्या आमच्या खोऱ्यात ज्याची बिअर फसते त्याला वर्षभर नावं ठेवतात.

मी वीस वर्षं बर्गनच्या ऑफिसात काढलेला, त्यात मूळचाच अतिशहाणा. आधी भट्टीघर धुऊन काढलं. भिंतीवर टांगलेलं लाकडी कडं कळकट दिसत होतं, तेही सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून पांढरंशुभ्र केलं. आजीपासून चालत आलेलं आमचं खमीर त्याच काळ्या पापुद्र्यात वाळलेलं होतं, हे आठवलं तेव्हा कडं चुलीपाशी वाळत होतं.

बाबांना कोणत्या तोंडाने सांगणार? शेजारच्या गुडवेगकाकूंकडे मागावं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार. म्हणून काकू गोठ्यात गेल्याचं पाहून मी त्यांच्या कोठारात शिरलो आणि फडक्यावर ठेवलेलं वाळकं खमीर मूठभर उचललं. लहानपणी कुणाच्या झाडाचं सफरचंदही तोडलं नव्हतं मी. ते खिशात कोंबून मी मागच्या वाटेने घरी आलो.

संध्याकाळी जवाचा गोड काढा कोमट झाला, तसं ते सगळंच्या सगळं पिंपात टाकलं. खमीर घालताना जोरात आरोळी ठोकायची आमच्याकडे रीत आहे, म्हणजे बिअर जोमदार होते. मी नुसता पुटपुटलो.

सकाळी पाहतो तर पिंप खदखदतंय आणि फेस झाकण उचलून बाहेर येतोय. मी झाकणावर दगड ठेवला, वरून दोरी आवळली आणि दाराला आतून कडी घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ झाकून राहणारी नव्हती. दोरी तुटली, दगड पायाशी आदळला, आणि पिवळा फेस दाराच्या फटीतून अंगणात गेला. तिथे बाबांसाठी ब्रेड घेऊन आलेल्या गुडवेगकाकू उभ्या होत्या.

दार उघडावंच लागलं. काकूंनी फेसात बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"किती घातलंस?"

"मूठभर."

"अरे, दोन चमचे पुरतात. आता निम्मं दुधाच्या कॅनमध्ये काढ, त्याला वर चढायला जागा दे. आणि पिंपाला ओली फडकी गुंडाळ, तापलंय ते."

कुठून आणलंस, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी रीतीप्रमाणे शेजारीपाजारी चव घ्यायला भट्टीघरात जमले. बिअर खरंच चांगली झाली होती, सगळे तोंडभरून सांगत होते, आणि मला मान वर करवत नव्हती. मग पुढच्या वर्षीसाठी खमीर धरून ठेवायला, नव्या फेसात बुडवायला बाबांनी कडं मागितलं. मी आणून दिलं. ते पांढरं लाकूड त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं.

"गुडवेग, यानं खमीर तुझ्याकडून मागून नेलं का?"

"हो तर. दारात उभं राहून मागितलं," काकू शांतपणे म्हणाल्या.

बाबांनी समाधानाने मान हलवली. ते मात्र मला सोसवलं नाही.

"नाही बाबा. मी चोरलं. आपलं खमीर मीच धुऊन टाकलं."

बाबा कुणाकडेच न बघता बोलले. "माझ्या आईनंच ते हिच्या सासूला दिलं होतं. आपलं कधी मेलं तर मागायला एक दार असावं म्हणून." मग कडं माझ्या हातात ठेवून म्हणाले, "आता माग."

एवढ्या लोकांसमोर मी काकूंपुढे कडं धरलं. "काकू, थोडं खमीर द्याल का?"

"मला ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले.

मी पुन्हा मागितलं, अंगणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.