बुटाखालचा आकडा

सेफेरिनोने चिंधीने मापाची पोलादी फीत पुसली, तिच्या टोकाचा पितळी ओळंबा तेलाच्या टाकीच्या तोंडातून आत सोडला आणि हातमोजा दातांनी ओढून काढला. तळ लागल्याचं कळायचं तर बोटं उघडी हवीत, हे त्यानेच इथल्या दहाजणांना शिकवलं होतं. त्याने डोळे मिटले. फीत सरसरत खाली चालली. दहा मीटर, पंधरा, अठरा. तेवढ्यात त्याच्या हाताच्या वीतभर खाली दुसरी दोन बोटं फितीला येऊन टेकली.

"वारा फार आहे, दाजी," रिग्नाल्ड म्हणाला. "फीत हलतेय. मी नुसती धरतो."

"तीस वर्षं वाऱ्यातच मोजतोय मी."

"म्हणून तर. इतक्या वर्षांची ओळख झाली की वाराही अंगचटीला येतो."

ओळंबा तळाला टेकायच्या क्षणी ती दोन बोटं किंचित आवळली आणि फीत थांबली. दर वेळी हेच. गाणं आपण म्हणत यावं आणि शेवटचा शब्द दुसऱ्याने तोंडातून काढून न्यावा, तसं. तुझ्याआधी मला कळलं, असं ती बोटं म्हणत होती. निदान सेफेरिनोला तसं ऐकू यायचं.

त्याने फीत वर ओढली, तेलाची काळी रेघ कुठवर आली ते पाहिलं, खाली वाकून छताच्या पत्र्यावर खडूने आकडा लिहिला आणि त्यावर बूट ठेवला. रिग्नाल्ड आपली फीत आधीच टाकून बसला होता. त्याच्याही बुटाखाली आकडा होता.

"उचल."

दोघांनी एकदम पाय उचलले. बारा मीटर एकशे अठरा. बारा मीटर एकशे अठरा.

कमरेच्या वायरलेसवर खालच्या खोलीतली मिल्ड्रेड खाकरली. "काय हो मेहुणे-दाजी, जमलं का लग्न?"

"जमलं," रिग्नाल्ड म्हणाला. "मुलगी काळी आहे, पण वजनदार आहे."

मिल्ड्रेड हसली. ती सेफेरिनोच्या बोलण्यावर पूर्वी अशी हसायची.

खाडीकाठच्या त्या पांढऱ्या टाक्यांमधलं तेल समोरच्या किनाऱ्यावरून, व्हेनेझुएलाहून यायचं आणि कितीदा तरी महिनोन् महिने तिथेच पडून राहायचं. ते जागचं हलायचं नाही, पण त्याचा धनी बदलायचा. कुठे लांब कुणी फोन उचलायचा, कुणी ठेवायचा, आणि इथे दोन माणसांना शिडी चढावी लागायची. एक आगाराचा मापाडी, म्हणजे सेफेरिनो. दुसरा घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांच्या विश्वासाचा, पाहणी कचेरीचा, जसा रिग्नाल्ड. एकाने दुसऱ्याचा आकडा ऐकून आपला जुळवू नये म्हणून सेफेरिनोने फार वर्षांपूर्वी ही बुटाखालची रीत पाडली होती. आता ती सगळ्या आगाराची झाली होती. दोन आकड्यांत तीन मिलीमीटरचा फरक चालायचा. त्याहून जास्त आला की पुन्हा मोजायचं. तीनदा मोजूनही जुळलं नाही, तर पाहणीवाल्याचा आकडा खरा आणि मापाड्याच्या नावावर फुली. वर्षात तीन फुल्या झाल्या की माणूस खाली, संगणकाच्या पडद्यांच्या खोलीत, मिल्ड्रेडशेजारी.

सेफेरिनोच्या नावावर दोन फुल्या होत्या. एक फेब्रुवारीतली, एक जूनमधली, दोन्ही एका डच पोराबरोबर मोजताना पडलेल्या. त्या पोराची फीतच वाकडी होती, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

आणि जूननंतर त्याच्या प्रत्येक टाकीवर रिग्नाल्डच येऊ लागला.

"मागून घेतो तो," मिल्ड्रेड एकदा म्हणाली होती. "कचेरीत सांगून ठेवलंय त्याने, सेफेरिनोची टाकी असली की मला पाठवा."

"कशाला?"

"मला काय विचारतोस? तुझा मेहुणा. तुझ्या बायकोला विचार."

त्याने बायकोला विचारलं नव्हतं. त्याला उत्तर ठाऊक होतं. तिसरी फुली स्वतःच्या हाताने मारावी, एवढीच पोराची हौस. ज्याने ओळंबा धरायला शिकवलं त्यालाच शिडीवरून उतरवलं, की सगळ्या बेटावर एकच हात उरणार. आताच फोनवाले विचारायचे म्हणे, वर कोण आहे? रिग्नाल्ड आहे ना? मग चिंता नाही. पूर्वी ते सेफेरिनोचं नाव घ्यायचे. वेडंवाकडं उच्चारायचे, पण घ्यायचे.

*

रविवारी रिग्नाल्ड जेवायला आला तो ढोल काखेत मारूनच. सेफेरिनोच्या बायकोने, एथ्लीनने, भावासाठी बकऱ्याचा रस्सा रटरटत ठेवला होता, मक्याच्या पिठाची फुंची उकडीसारखी घट्ट घोटून ताटात उलटी केली होती. ओसरीत बसून रिग्नाल्डने ढोलावर थाप टाकली. कोरडी, नेमकी थाप. शेजारच्या कुंपणापाशी चरणारी शेळीसुद्धा कान टवकारून थांबली.

तो ढोल सेफेरिनोचा होता. दोन वर्षांमागे बोटं साथ देईनाशी झाली, ठेका निसटू लागला, तेव्हा त्यानेच तो मेहुण्याला देऊन टाकला होता. दिला तेव्हा म्हणाला होता, मला कंटाळा आला. आता तो स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता आणि आपल्याच अंगणात आपण पाहुणे आहोत असं त्याला वाटत होतं.

रिग्नाल्ड गाऊ लागला:

"तळाचं तळाला ठाऊक, वरचं वाऱ्याला,
मधलं कुणाला ठाऊक? पुसा हाताला."

"कुणाचं गाणं म्हणतोस रे?" सेफेरिनोने आतून विचारलं.

"तुमचंच की, दाजी. पहिल्या दिवशी शिडीवर शिकवलं होतंत. माझे पाय लटपटत होते आणि तुम्ही गात होतात."

"मग माझं म्हणून सांगत जा."

"सांगतो ना. सगळ्यांना सांगतो."

"मी ऐकलं नाही कधी."

एथ्लीनने भावाच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा शोधून टाकण्यासाठी पळी उचलली. ते सेफेरिनोला दिसलं. नवऱ्यासाठी तिने असा तुकडा शेवटचा कधी शोधला होता ते त्याला आठवेना. अलीकडे त्याच्या ताटात ती फक्त कमी वाढायची. साखर वाढलीय, डॉक्टर म्हणालेत, हे नको, ते नको. लिंबूपाणीसुद्धा त्याचं वेगळं, आंबटढाण.

"दे इकडे, मी आणतो," म्हणत त्याने चुलीवरचं रश्श्याचं भांडं दोन्ही कान धरून उचललं, ओसरीत आणलं, टेबलावर ठेवलं आणि ते धरूनच बोलत राहिला. "हा ढोल असा बडवायचा नसतो. कातडं दुखवायचं नसतं. त्याला नुसतं विचारायचं असतं..."

ढोल थांबला होता. रिग्नाल्ड बहिणीकडे बघत होता. बहीण भावाकडे.

"हात पोळला नाही का?" एथ्लीनने हळूच विचारलं.

"कशाने?"

तिने कापड घेऊन भांडं त्याच्या हातांखालून सरकवलं. सेफेरिनोला त्या दोघांची ती नजर तेवढी दिसली. भावंडांची, आतल्या आत बोलणारी, त्याला बाहेर ठेवणारी. आपल्या पाठीमागे काहीतरी ठरलंय, हे त्याला पक्कं कळलं.

"काय बघताय? मी म्हातारा दिसतोय का?"

"छे हो दाजी," रिग्नाल्डने घाईने पुन्हा थाप टाकली. "म्हातारे असतात त्यांना बायको रस्सा तरी पोटभर देते."

एथ्लीन हसली. नको तितकं जोरात हसली. सेफेरिनो हसला नाही.

*

सप्टेंबरात बेटावरचा वारा मरतो. वर्षभर पश्चिमेला वाकून राहिलेली झाडं त्या चार दिवसांत ओशाळल्यासारखी दिसतात. कुणी ढकलत नाही, तरी वाकलेलीच. त्या सकाळी एकतीस नंबरच्या टाकीचं छत इतकं तापलं होतं की बुटांचे तळ चिकटत होते. टाकी आगारातली सर्वांत मोठी. आतलं तेल त्या महिन्यात तिसऱ्यांदा विकलं गेलं होतं.

"लवकर करा रे," मिल्ड्रेड वायरलेसवर म्हणाली. "फोन धरून बसलेत दोन्हीकडचे. एकाकडे रात्र आहे, एकाकडे जेवणाची वेळ."

रिग्नाल्डने आपलं माप घेतलं, लिहिलं, बूट ठेवला. मग नेहमीसारखा सेफेरिनोच्या शेजारी येऊन वाकला.

"दाजी, वारा—"

"कुठाय वारा?"

रिग्नाल्डने मान वर केली. खाली धक्क्यावर झेंडा काठीला बिलगून लोंबत होता.

"अधूनमधून येतो," तो म्हणाला.

"आज माझ्या फितीला हात लावायचा नाही. कळलं? तिकडे, कठड्यापाशी उभा राहा."

"दाजी, ऐका तर—"

"फार ऐकलं. माझं गाणं तू म्हणतोस, माझा ढोल तू वाजवतोस, माझ्या बायकोच्या हातचं तू पोटभर खातोस. हे एक माझं राहू दे."

रिग्नाल्डचा चेहरा उतरला. तो दोन पावलं मागे गेला आणि कठड्याला पाठ लावून उभा राहिला.

सेफेरिनोने डोळे मिटले. फीत चालली. आता कळेल, आता कळेल. लहानपणी विहिरीत पोहरा सोडल्यावर पाण्याने त्याला हात लावल्याचं जसं कळायचं, तसं. त्याने वाट पाहिली. मग वाटलं, लागला. त्याने फीत थांबवली, ओढली, वाचली, आकडा लिहिला, बूट ठेवला.

"उचल."

रिग्नाल्डच्या बुटाखाली चौदा मीटर तीनशे बासष्ट. सेफेरिनोच्या बुटाखाली चौदा मीटर तीनशे चौऱ्याहत्तर.

बारा मिलीमीटर. या टाकीत बारा मिलीमीटर म्हणजे दोनशेवर पिंपं तेल, जे कुठेच नव्हतं.

"माझीच चुकली असेल," रिग्नाल्ड चटकन म्हणाला आणि बुटाने आपला आकडा पुसू लागला.

"पुसू नकोस."

"ऊन फार आहे, दाजी, मला नीट दिसलं—"

"पुसू नकोस म्हटलं ना."

दुसऱ्यांदा. रिग्नाल्डचं तेच, तीनशे बासष्ट. सेफेरिनोचं तीनशे एकाहत्तर. जास्तच. दोन्ही वेळा जास्तच. ओळंबा टेकल्यावरही हात सोडत राहिला, फीत सैल पडली, की आकडा असा फुगतो. नवशिक्यांचा फुगतो. तो त्यांना टपली मारून सांगायचा, तळाने हाक मारली, तुला ऐकू नाही आली?

"अरे काय चाललंय वर?" मिल्ड्रेड म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "दोनदा झालं, सेफेरिनो."

"माहितीय मला."

त्याने तिसऱ्यांदा फीत पुसायला चिंधी घेतली आणि थबकला. चिंधीवर काळ्याबरोबर लाल उमटलं होतं. त्याने हात उलटा केला. फितीच्या धारेने तर्जनीचं टोक चांगलंच कापलं होतं, रक्त तळव्यापर्यंत ओघळून तिथे वाळतही आलं होतं. पहिल्या खेपेलाच कापलं असणार. त्याने अंगठ्याने ती जखम दाबून पाहिली. मग जोरात दाबली. कुणा दुसऱ्याचं बोट दाबावं तसं.

कठड्यापाशी रिग्नाल्ड हलला नाही. तो दुसरीकडे बघत होता, समुद्राकडे, अगदी मुद्दाम.

सेफेरिनो बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिला. रश्श्याचं भांडं. फेब्रुवारी. जून. जूननंतरची प्रत्येक टाकी, प्रत्येक टाकीवर जुळलेला आकडा, आणि आकड्याच्या आधी दर वेळी आवळलेली ती दोन बोटं. त्याने चिंधी बोटाला गुंडाळली, दातांनी गाठ मारली. ओळंबा उचलला.

खाली झेंडा तसाच होता. खाडीच्या पाण्यावर एक सुरकुती नव्हती.

"रिग्नाल्ड."

"काय, दाजी?"

"वारा फार सुटलाय रे."

रिग्नाल्डने वळून पाहिलं. त्याच्या तोंडाशी काहीतरी थट्टेचं आलं होतं, ते त्याने गिळलं.

"आहे खरा," तो म्हणाला. "सकाळपासूनच आहे."

"फीत हलतेय. जरा धर."

तो आला, गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन बोटं फितीला टेकवली. सेफेरिनोने ओळंबा सोडला. दहा मीटर, पंधरा, अठरा. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. वीतभर खाली असलेल्या त्या बोटांकडे तो बघत राहिला.

ती आवळली. त्याने फीत थांबवली.