हिरवी बाजू, पिवळी बाजू

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला खडू आणि डस्टर आठवतो. मी त्यातला नव्हे. माझ्यावर कधी कुणी गणित सोडवलं नाही, की कोपऱ्यात 'बडबड करणारी मुलं' अशी यादी लिहिली नाही. मी दोन भाषांत शिकवणाऱ्या एका शाळेतला, नववीच्या वर्गाच्या वेळापत्रकाचा फळा आहे. माझं वय विचाराल, तर माझ्या चौकटीला तीनदा पॉलिश झालं आणि चौथ्यांदा करायचं राहून गेलं. त्यावरून काय ते समजा.

मला घडवलं ते शाळेच्याच सुतारकामाच्या मास्तरांनी. मोडक्या बाकांच्या फळ्या त्यांनी रंधा मारून सरळ केल्या, सरसाने जोडल्या आणि त्यावर सहा वार, आठ तास असे अठ्ठेचाळीस हूक बसवले. प्रत्येक हुकावर तळहाताएवढी लाकडी पाटी आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना विषयाचं नाव. हिरव्या बाजूवर ते घरच्या भाषेत, पिवळ्या बाजूवर शाळेच्या दुसऱ्या भाषेत. जी बाजू पुढे असेल त्या भाषेत तो तास व्हायचा. एका आठवड्यात विज्ञान हिरवं आणि इतिहास पिवळा असेल, तर पुढच्या आठवड्यात त्याच्या उलट. दर सोमवारी सकाळी मॉनिटर स्टुलावर चढून पाट्या फिरवायचा. चित्रकला, संगीत, कवायत सगळ्यांना असेच दोन रंग मिळाले. फक्त सुतारकामाच्या पाटीवर मास्तरांनी दोन्हीकडे नुसती करवत काढली. "हिला कुठली आली भाषा?" असं म्हणून त्यांनी ब्रश धुऊन टाकला.

पहिल्याच वर्षी एकदा भूगोलाच्या बाई आणि गणिताच्या बाई एकाच तासाला वर्गात शिरल्या. एक हिरव्यात भांडत होत्या, दुसऱ्या पिवळ्यात, आणि आपापल्या डायरीप्रमाणे दोघींचंही बरोबर होतं! मुलांची तर चंगळ झाली. तेव्हापासून शाळेत नियम झाला, 'फळा सांगेल ते'. शिक्षकांच्या डायरीत काहीही असो, माझा शब्द शेवटचा. खरं सांगतो, मला त्याचा भारी अभिमान वाटायचा.

नववीचे विषय काही थोडेथोडके नसतात. दाराशेजारी भिंतीवर बसून मी प्रमेयं ऐकली, लढाया ऐकल्या, नद्या, संविधान, पेशींचे भाग, सगळं ऐकलं, तेही दोन दोन भाषांत. परीक्षेला बसवलं असतं तर पहिला आलो असतो. मुलांच्या गमतीही पाहिल्या. तास कितीही पिवळा असो, पाढे मात्र पोटात हिरवेच म्हटले जात आणि उत्तर तेवढं भाषांतर होऊन बाहेर पडे.

विज्ञानाला जे सर होते त्यांना मुलं 'लिटमस सर' म्हणत. राग आला की त्यांचा चेहरा झर्रकन लाल व्हायचा. माणूस कडक, पण शिकवणं असं की पिवळ्या आठवड्यात तास संपल्याची घंटा मुलांना नकोशी वाटे. हिरव्या आठवड्यात मात्र ते बोलत नसत. "आज प्रयोग," एवढंच म्हणायचे आणि चंचुपात्रं, परीक्षानळ्या वाटून खिडकीपाशी उभे राहायचे. सरांना प्रयोगांची हौस आहे असं मुलं समजत. मी त्यांना रोज बघत होतो, मला काय ते कळलं होतं. पण फळ्याला विचारतो कोण?

एका वर्षी वर्गात एक मुलगी आली. तिची आई परिचारिका होती, बदली होऊन या गावात आली होती. आधीची शाळा एकाच भाषेची, म्हणजे सगळा जन्म हिरव्या बाजूला गेलेला. वर्गाने तिचं नाव 'नवी' ठेवलं आणि सहामाही झाली तरी ती नवीच राहिली. हिरव्या तासाला तिचा हात सतत वर. पिवळा तास लागला की ती तोंडाला कुलूप घालायची आणि गणवेशाच्या पट्ट्याचं टोक बोटांना गुंडाळत बसायची. एकदा धीर करून तिने पिवळ्यात एक वाक्य म्हटलं. त्यात तीन चुका झाल्या. वर्ग खो खो हसला. त्यानंतर तिने तोंड उघडलं नाही.

एका दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, तिच्या आईला घेऊन रिकाम्या वर्गात आल्या.

"विज्ञानाची तोंडी परीक्षा पिवळ्या आठवड्यात आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्यात ती पास झाली नाही, तर तिला पलीकडच्या एकभाषी शाळेत पाठवावं लागेल. नियमच आहे तसा."

"बाई, पण तिथे प्रयोगशाळा नाही ना," आई म्हणाली. "आणि हिला तर त्याचंच वेड. रोज ड्युटीवरून आले की मला समोर बसवून आम्ल काय, क्षार काय, सगळं शिकवते. माझे पाय दुखत असतात, तरी ऐकत बसते मी."

"घरी शिकवते आणि इथे मूग गिळून बसते. मी तरी काय करू, सांगा?"

नवी दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकत होती. तिचा चेहरा बघून माझ्या सरसाचे सांधे ढिले झाले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. दप्तर न काढताच तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि त्या दिवसाची विज्ञानाची पाटी पिवळ्याची हिरवी केली. इतक्या वर्षांत माझी पाटी कधी तिरकी लटकली असेल, पण खोटं मी कधी बोललो नव्हतो. आता बोलत होतो. मला तिचा राग यायला हवा होता, आला मात्र नाही.

तिसऱ्या तासाला मोठ्या बाई गुणपत्रक घेऊन मागच्या बाकावर बसल्या. लिटमस सर आले, सवयीने त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते जागीच थांबले. त्यांच्या हातातले प्रश्न पिवळ्या भाषेतले होते. मॉनिटरने तोंड उघडलं, कारण सोमवारी पाटी त्यानेच फिरवली होती. पण मोठ्या बाईंसमोर आपलीच चूक निघाली तर, म्हणून त्याने ते पुन्हा मिटलं.

"फळा सांगेल ते," सर म्हणाले. त्यांनी कागद खिशात घातला.

आणि मित्रांनो, मला कळलेली गोष्ट सगळ्या वर्गाला कळली. सर लहानाचे मोठे दुसऱ्याच मुलखात झाले होते, शिकले ते सगळं पिवळ्या भाषेत. हिरवी भाषा त्यांना समजायची, पण जिभेवर यायची नाही. पहिल्या मुलाला त्यांनी कसाबसा प्रश्न विचारला. दुसऱ्याला विचारताना अर्ध्यात अडले. तिसऱ्याच्या वेळी मागून खुसखुस सुरू झाली. सरांच्या कपाळावर घाम आला. चेहरा लाल झाला होता, पण तो लाल रंग रागाचा नव्हता.

मग नवीचा क्रमांक आला. ती उभी राहिली.

"आम्ल आणि... आम्लारी..." सर म्हणाले. "ते दोघं... ती दोघं... भेटतात, तेव्हा काय... काय करतात?"

"गप्पा मारतात!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग फुटला. मोठ्या बाईंनी "शांत बसा!" म्हणेपर्यंत सगळे पोट धरून हसत होते. सर हसले नाहीत. ते आपल्या एप्रनची नाडी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

नवी त्या बोटांकडे बघत राहिली. प्रश्न तिला समजला होता आणि उत्तर तर तिने आईला दहादा शिकवलं होतं. फक्त तोंड उघडायचं होतं, मग प्रयोगशाळा तिचीच होती.

"सर, पाटी मी फिरवली," ती म्हणाली.

वर्ग गप्प झाला.

"आज पिवळा आठवडा आहे. सकाळी येऊन मी ती हिरवी केली."

मोठ्या बाई उठून पुढे आल्या. "परीक्षेत फसवणूक? मग तुझी परीक्षा इथेच संपली. कळतंय ना याचा अर्थ काय होतो ते?"

"हो, बाई."

"मग आता सांगितलंस कशाला? उत्तर येत नव्हतं का?"

"येत होतं," ती म्हणाली. "पण सगळे सरांना हसत होते. ते कसं वाटतं, मला माहीत आहे."

मग सर बोलले, आणि हिरव्या भाषेतच बोलले.

"बाई, तिची चूक आहे. माझी पण आहे. अकरा वर्षं मी हिरव्या आठवड्यात... शिकवत नाही. प्रयोग देतो आणि लपतो. तिला शिक्षा, तर मला पण शिक्षा."

मोठ्या बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग नवीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता आपली रवानगी अडगळीत!

"ठीक आहे, दोघांनाही शिक्षा," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसायचं. सरांनी फक्त हिरवं बोलायचं, हिने फक्त पिवळं. पंधरा दिवसांनी हिची तोंडी मी स्वतः घेईन, पिवळ्या बाजूने. तेव्हा नाही आलं तर पलीकडची शाळा, मग माझ्याकडे यायचं नाही. आणि वर्षभर पाट्या हीच फिरवेल, सगळ्यांसमोर, दोन्ही बाजू मोठ्याने वाचून."

प्रयोगशाळा समोरच होती, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. पहिले दोन दिवस नुसता काचेचा किणकिणाट होता. तिसऱ्या दिवशी सर हिरव्यात काहीतरी बोलले आणि नवीला हसू आवरेना. मग तिच्या पिवळ्या वाक्याला सरही हसले. पण ते दोघांनी मिळून हसणं होतं, त्याने कुणाचं तोंड बंद होत नाही. दुसऱ्या आठवड्यात तर घंटा झाली तरी दोघांचा वाद चालूच असायचा, एकाचा हिरव्यात आणि दुसरीचा पिवळ्यात.

पास व्हायला वीस गुण लागत होते. तिला एकवीस मिळाले.

"काठावर पास," मोठ्या बाईंनी आईला सांगितलं.

"काठावर तर काठावर," आई डोळे पुसत म्हणाली. "बुडाली तर नाही ना!"

त्यानंतर लिटमस सर हिरव्या आठवड्यातही शिकवू लागले. चुकायचे, थांबायचे, मुलांना शब्द विचारायचे. मुलं सांगायची. आणि पिवळ्या आठवड्यात जी मुलं मागच्या बाकांवर अंग चोरून बसायची, तीही हळूहळू बोलू लागली. सरच चुकतात म्हटल्यावर आपलं काय मोठं, असं त्यांना वाटलं असावं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता.

पुढे जे सगळ्या जुन्या वस्तूंचं होतं तेच माझं झालं. वर्गात वेळापत्रकाचा चकचकीत पडदा आला आणि मला उतरवून सभागृहामागच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या स्टुलांमागे उभं केलं. माझ्या पाट्या विखुरल्या. भूगोल एका लंगड्या टेबलाखाली टेकू म्हणून गेला, इतिहासाचं बरणीवर झाकण झालं. वाईट वाटलं. नाही वाटलं म्हणालो, तर ते माझं दुसरं खोटं होईल.

मागच्या वर्षी भिंतीपलीकडे लिटमस सरांचा निवृत्तीचा समारंभ झाला. सर बोलायला उभे राहिले आणि हिरव्या भाषेत बोलले. चुका होत्या, पण छान बोलले. शेवटी मात्र अडले.

"आता मला तुमचा सगळ्यांचा... तुमचा..."

शब्द येईना. भरलेलं सभागृह होतं, पण कुणी हसलं नाही. ती शांतता माझ्या ओळखीची होती. मग मागून एका बाईचा आवाज आला, "निरोप, सर."

"हां. निरोप घ्यायचा आहे," सर म्हणाले. "धन्यवाद, नवी."

समारंभानंतर दोघं अडगळीच्या खोलीत आले. नवी आता दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली. सरांनी माझ्या हुकांवर उरलेल्या चार पाट्यांमधून विज्ञानाची पाटी काढून घेतली.

"घरी कुठली बाजू पुढे ठेवणार, सर?" तिने विचारलं.

"टेबलावर उभी ठेवीन," सर म्हणाले. "एक बाजू मला दिसेल. दुसरी समोर बसेल त्याला."

तो हूक आता रिकामा आहे, पण त्या पाटीसाठी मी हळहळत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारखे सगळेच सांगतात. मीही सांगतो, जमलं तर भूगोलाला त्या टेबलाखालून काढा. पण त्याआधी एक करा. तुमच्या वर्गात कुणी गप्प बसत असेल, तर त्याला काही येत नाही असं ठरवून टाकू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, तो अडला तर हसू नका आणि त्याला त्याचा वेळ द्या. तुम्हाला दिसत असते ती पाटीची एकच बाजू.